मधली टेकडी

१४ जून

शिंपीबुवा,

खुशाली विचारत नाही. आठ महिन्यांत तू माझी विचारली नाहीस, तेव्हा दोघांनीही ते वगळू. पत्ता दातवाल्या डॉक्टरने दिला. मी मागितला नव्हता. वर म्हणाला, "लिहा की एकदा. वय काय आपलं आणि रुसवेफुगवे काय." त्याच्या शब्दाखातर लिहितो आहे, एवढं लक्षात ठेव.

तू दुकान बंद करून मुलीच्या गावी राहायला गेलास, हे मला मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या पाटीवरून कळलं. पँटची शिलाई उसवली होती म्हणून आलो होतो. तुझ्या कापायच्या टेबलाच्या जागी काचेचं कपाट आणि आत कव्हरं टांगलेली. तो पोरगेला माणूस म्हणाला, "काका, शिवण इथे नाही होत." बावीस वर्षांची ओळख आणि मी पँट हातात घेऊन फुटपाथवर उभा. निदान एक फोन करायचास.

परवा माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, तुमचं आणि शिंपीकाकांचं नक्की कशावरून बिनसलं?" तिला काही ठाऊक नाही म्हणून पहिल्यापासून सांगायला बसलो. म्हटलं, आम्ही पाच-सहा जण दर रविवारी दुपारी डॉक्टरच्या दवाखान्यामागच्या खोलीत जमतो आणि आपापल्या दुर्बिणीसाठी आरसे घासतो. बाजारचा आयता आरसा आम्हाला चालत नाही. ताटाएवढी रुंद, जाडजूड काच घ्यायची, दुसऱ्या काचेवर पूड आणि पाणी घालून महिनोन्‌महिने घासायची, मग डांबराच्या थरावर पॉलिश करायची. शेवटी एक्सरेच्या काळ्या खोलीत तिच्यासमोर बारीक दिवा लावून दाढीचं ब्लेड हळूच आडवं सरकवायचं. सावली पडते, आणि हाताला कधी लागणार नाहीत असे उंचसखल भाग डोळ्यांना दिसतात. केसाच्या हजाराव्या भागाएवढी टेकडीसुद्धा लपत नाही. मग ज्याला जे दिसलं ते त्याने तोंडावर सांगायचं, आणि ज्याचा आरसा आहे त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत गप्प बसायचं.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय. काकाच्या आरशात मधोमध टेकडी होती. मी सांगितलं. दुसऱ्या रविवारपासून काका यायचा बंद झाला."

"म्हणजे काचेवरून," असं म्हणून ती कपडे वाळत घालायला निघून गेली.

तिला मी पुढचं सांगू शकलो नाही, ते तुला सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या आरशाची कड पडली आहे असं सगळ्यांदेखत कोण म्हणालं होतं? बाकीचे "वा, वा" करत होते. तू ब्लेड दोनदा सरकवलंस, चष्मा पुसलास आणि म्हणालास, "मिलीमीटर, कडेला उतार आहे. धारेपासून बोटभर आत." मी, ज्याने तीस वर्षं कारखान्यात लेथवर पंपाचे दांडे कापले, ज्याच्या मापावर साहेबाने कधी बोट ठेवलं नाही, त्याला तू बोटभर सांगितलंस. मला मिरच्या झोंबल्या. चार दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. पण पाचव्या दिवशी काच पुन्हा घासायला घेतली, पाच महिने घासली, आणि आज तो आरसा आपल्या गटातला सगळ्यांत चांगला आरसा आहे. तुझ्यामुळे. मी पळालो का?

टीका करायला तू पुढे, ऐकून घ्यायची वेळ आली की पाय लावून पळायचं. मला एवढंच म्हणायचं होतं.

मिलीमीटर
(नाव तूच ठेवलंस, म्हणून सही त्याच नावाने.)


२ जुलै

शिंपीबुवा,

आणि वहिनी, कारण तुमचं कार्ड आलं आणि आता मला माहीत आहे की हे तुम्ही मोठ्याने वाचणार आहात.

वहिनी, तुम्ही लिहिलंत: "त्यांना आता वाचता येत नाही. बाजूचं दिसायचं आधी गेलं, मग समोरचं धूसर झालं. तुमचं पत्र मी दोनदा वाचून दाखवलं. ऐकून घेतात, बोलत काही नाहीत." हे मी दवाखान्याच्या पायरीवर बसून वाचलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गेल्याच सप्टेंबरात वर्षभराची मुदत सांगितली होती, म्हणून तो आरसा लवकर पुरा करायचा होता, हेही तुमच्याकडून कळलं. स्वतः घासलेल्या आरशातून एकदा शनीची कडी बघायची होती त्याला. एवढंच मागणं होतं.

बुवा, तू मला सांगितलं नाहीस. बावीस वर्षं आपण काळ्या खोलीत खांद्याला खांदा लावून बसलो आणि तू मला हे सांगितलं नाहीस. मला राग आला आहे. तू आजारी आहेस म्हणून राग यायचा थांबत नाही. दर रविवारी तू सुईत दोरा ओवून माझ्या कोटाचं बटण लावायचास, तेही अलीकडे तू टाळायचास. "आज सुया आणल्या नाहीत" म्हणायचास. शिंप्याच्या खिशात सुया नाहीत. मीच बैलासारखा, माझ्या कसं लक्षात आलं नाही.

कार्डाच्या शेवटी वहिनींनी लिहिलं आहे की त्या रविवारानंतर दहा दिवसांनी, बुधवारी, तू आरसा परत पॉलिशला घेतलास. महिनाभर टेकडी काढत बसलास, आणि मग एके दिवशी तो फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलास. "बिघडला," एवढंच म्हणालास.

पहिल्या पत्रात जे लिहिलं ते पळण्याबिळण्याचं, ते मागे घेतो. बाकीचं नाही. टेकडी दिसली ती दिसली. डॉक्टरला दिसली, सगळ्यांना दिसली.

मिलीमीटर

वहिनी, तुमचं अक्षर फार सुरेख आहे. मला माहीत नव्हतं.


१९ जुलै

शिंपीबुवा, वहिनी,

उत्तर नाही. ठीक. इकडची हालहवाल कळवतो, नाहीतरी तुला ऐकण्यावाचून गत्यंतर नाही.

तू गेल्यावर गटाचा पार मिळमिळीत भात झाला आहे. डॉक्टरने नवा नियम काढला. आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, मग जमलं तर एक सुधारणा, तीही "असं केलं तर?" या सुरात. तुझ्यासारखं आणखी कुणी दुखावून जाऊ नये म्हणून. दात उपटताना तो हे करतो का, मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात वाचनालयातल्या बाई आपला पहिला आरसा घेऊन आल्या. दीड वर्ष स्वयंपाकघराच्या ओट्यावर घासला त्यांनी, नवरा वैतागला तरी. ब्लेड सरकवलं आणि मला पहिल्या झटक्यात दिसलं: कड पडलेली, माझी पडली होती त्याहून वाईट. आता इतरांचं ऐक. एक म्हणाला, "काच किती स्वच्छ आहे." दुसरा म्हणाला, "पेटी फार सुबक केलीय बाईंनी." डॉक्टर म्हणाला, "चिकाटीला दाद दिली पाहिजे." सुधारणा कुणालाच जमली नाही. माझी पाळी आली. मी म्हणालो, माझा घसा बसलाय.

बाईंनी आरसा चकाकीचा धातूचा लेप चढवायला पाठवला, दुर्बिणीत बसवला, भाचरांना बोलावून गच्चीवर गेल्या. तारा ठिपक्यासारखा दिसायचा तो ओल्या कापडावर शाई सांडावी तसा पसरला. पुढच्या रविवारी त्या आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "तुम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं?" सगळे चहाच्या कपात बघायला लागले. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला तरी?"

"माझा घसा बसला होता," मी म्हणालो.

"डोळे तर बसले नव्हते," त्या म्हणाल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत. म्हणजे बघ, खरं बोलून एक गेला आणि गोड बोलून एक गेली. गोड बोलून गेलेलीचं दीड वर्षही गेलं.

तू असतास तर बाईंना सांगितलं असतंस. "बोटभर आत," असं, कपड्याचं माप सांगावं तसं. तुझ्या तोंडून ते ऐकताना राग यायचा पण अपमान वाटायचा नाही. मला कधी ते साधलं नाही. मी दोष सांगतो तेव्हा समोरच्याला वाटतं की मी त्यालाच लेथवर धरलाय.

आता कामाचं. तो आरसा माझ्याकडे पाठव. मी तो नीट करून देतो. कितीही बिघडला असला तरी काच काही मेलेली नाही, पुन्हा घासली की येते. माझ्याकडे वेळ आहे आणि हात अजून थरथरत नाहीत. तू शनी बघायचा आहेस. समोरचं धूसर झालंय, गेलेलं नाही, असं वहिनींनी लिहिलं आहे. वहिनी, पेटी नीट बांधा, आत जुने कपडे कोंबा.

मिलीमीटर


११ ऑगस्ट

शिंपीबुवा,

पेटी पोचली. तुझ्या जुन्या अस्तराच्या कापडात गुंडाळलेली होती आणि वर चिठ्ठी नव्हती.

काच मी डॉक्टरच्या काळ्या खोलीत स्टँडवर ठेवली आणि दार ओढून घेतलं. अख्खा दिवस कुणाला आत जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटा आत गेलो. ब्लेड सरकवलं. मधोमध खड्डा आहे. आणि त्याच्याभोवतीचा सगळा भाग, खड्ड्याच्या काठापासून धारेपर्यंत, इतका गुळगुळीत, इतका एकसारखा आहे की मी ब्लेड बाजूला ठेवलं आणि अंधारात तसाच बसून राहिलो. त्या भागाला तू नंतर हातच लावलेला नाहीस. तो त्या रविवारचा आहे. त्या काठांवरून मधला भाग मूळचा कसा असेल ते मला कागदावर काढता येतं, आणि मी काढलं. तीनदा काढलं. तिथे टेकडी नव्हती. तू टेकडी म्हणून जे खरवडलंस, ती चांगली काच होती.

वहिनी, पुढचं वाचताना थांबू नका. मी लिहितोय तसं वाचा.

त्या रविवारी तू उशिरा आलास. कुणी गिऱ्हाईक ट्रायलला आलं होतं. उन्हातून, बसमधून, आरसा लोकरीच्या कापडात गुंडाळून पोटाशी धरून आणलास. चहा झाला होता, मंडळी चपला घालत होती. आपला नियम तुला माहीत, मला माहीत, आपणच तो घालून दिला: दीड तास काच निवल्याशिवाय तिच्यासमोर ब्लेड धरायचं नाही. काच उबदार असली की कडा आधी निवतात आणि मध्य फुगलेला दिसतो. नवशिकासुद्धा पहिल्या आठवड्यात हे शिकतो. तू म्हणालास, "अजून निवायचीय. पुढच्या रविवारी बघू." मी म्हणालो, "वाटेतच निवली असेल, आण इकडे." तुझ्या हातातून घेतली. तुला बाहेर बाकावर बसवलं. दहा मिनिटंही झाली नव्हती. टेकडी दिसली. मी ओरडून सांगितलं, मग सगळ्यांनी बघितलं, सगळ्यांना दिसली, कारण ती होतीच. ती उबेची होती. तासाभरात विरून गेली असती.

मला हे कधी कळलं? तीन आठवड्यांनी, महिन्याने, असं लिहायचा मोह होतो आहे. त्याच संध्याकाळी कळलं. बसमध्ये खिडकीशी बसलो होतो आणि काच हातात घेतल्यावर तळव्याला लागलेली ऊब आठवली. लगेच उतरून तुझ्याकडे यायचं. चार थांबे होते. मी उतरलो नाही. सोमवारी नाही आलो, मंगळवारी नाही. तू बुधवारी, पुढच्या बुधवारी, पॉलिशला घेतलंस. दहा दिवस माझ्या हातात होते. एक वाक्य सांगायचं होतं.

का नाही आलो ते सांगतो, नाहीतर हे सगळं पत्र फुकट. तुझ्या आरशात दोष निघाला तेव्हा मला बरं वाटलं होतं. तीन वर्षं मी त्या "बोटभर आत"ची वाट बघत होतो. माझा आरसा तुझ्यामुळे सुधारला हे मी लोकांना सांगत फिरायचो, आणि मनातून मला ते सहन होत नव्हतं. म्हणून घाई केली. म्हणून थांबलो नाही. टीकाकार म्हणून मी किती चोख, किती परखड, असं गटात बोललं जायचं आणि मी ते ऐकून घ्यायचो. तुझ्या काचेत दोष सापडावा एवढीच माझी इच्छा होती आणि तो मला सापडला. मग तू यायचा बंद झालास, आणि मला वाटलं की तू रुसला आहेस, आणि रुसलेल्या माणसाकडे मी का जाऊ. हे कारण मला फार सोयीचं पडलं. आठ महिने पुरलं.

वाचनालयातल्या बाईंच्या वेळी घसा बसला नव्हता. स्वतःच्या डोळ्यांवरचा माझा विश्वास उडाला होता, आणि हे कुणाला सांगायची लाज वाटत होती.

मी माफी मागत नाही. माफी मागून मोकळं व्हायचा मला हक्क नाही. आरसा मी नीट करीन. शिव्या द्यायच्या असतील तर वहिनींना लिहून घ्यायला सांग, मी सगळ्या वाचीन.

तुझा


२५ ऑगस्ट

मिलीमीटर,

मी सांगतोय आणि ही लिहितेय. भराभर सांगता येत नाही, ही मध्ये थांबते.

आरसा नीट करायच्या भानगडीत पडू नकोस. तुला पाच महिने लागतील. मला आता समोरची खिडकी कुठे आहे एवढंच कळतं. ठेवून दे, किंवा त्या वाचनालयातल्या बाईंना दे. काच चांगली आहे. त्यांना सांग की कड पडली होती, आणि कशी पडते तेही सांग. उशीर झालाय, तरी सांग.

आता माझं ऐक. तू लिहिलंस ते मला नवीन नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, सोमवारी, मी घरी आरसा लावून बघितला. रात्रभर निवलेला होता. सपाट सावली पडली, टेकडीबिकडी काही नाही. मंगळवारी परत बघितलं. बुधवारी परत. पहिल्यांदा माझ्या मनात तेच आलं, की काच गरम होती. मग वाटलं, हे मिलीमीटरला कळलं नसेल का? त्याचं बावीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. गरम काचेमुळे झालं असतं तर तो धावत सांगायला आला असता. मग मी थांबलो. रोज दुकानात बसून रस्त्याकडे बघायचो. दहा दिवस थांबलो. तू आला नाहीस, म्हणजे टेकडी होती. आणि टेकडी असून मला दिसत नव्हती, म्हणजे माझे डोळे गेले होते. डॉक्टरांनी वर्ष म्हटलं होतं, मला वाटलं त्यांनी मन राखायला म्हटलं.

पॉलिश अंदाजाने करत गेलो. जे दिसतंय ते खोटं, असं धरून. आणि मग दुकान. ज्याला टेकडी दिसत नाही त्याने लोकांच्या कापडाला कात्री कशी लावायची? शिवायला घेतलेले तीन सूट मी परत केले, मशीन विकलं, इकडे आलो. इथल्या डॉक्टरांनी मार्चमध्ये तपासलं आणि म्हणाले, काका, समोरची नजर अजून चांगली आहे, काम का सोडलंत? जूनपर्यंत ती होती. आठ महिने मला चांगलं दिसत होतं, मिलीमीटर. ते मी खुर्चीत बसून घालवले.

राग नाही असं लिही म्हणून हिला सांगितलंय.

शिंपी

वरचं त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आहे, एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. आता माझं.

त्या तिन्ही सकाळी दिवा मी धरला होता. ते म्हणायचे, "मला सगळं सारखंच दिसतंय गं," आणि रडायचे. चांगला झाला होता म्हणून सारखा दिसत होता, हे मला तुमच्या पत्रातून कळलं. ते मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बघ, मला बरोबर दिसत होतं." आणि हसले. त्यांना त्याचाच आनंद झाला. राग त्यांना खरंच नसेल. मला आहे.

तुमची पत्रं येऊ द्यात. दिवसभर ते खुर्चीत बसून असतात, पोस्टमनची चाहूल त्यांना माझ्याआधी लागते. आलेलं प्रत्येक पत्र मी पूर्ण वाचून दाखवीन. फक्त माझं नाव मध्ये घालू नका, आणि मला वहिनी म्हणू नका.